पावणेदोन तास

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान, धरणावर पायवाटांचे राखणदार आहेत. धरणाभोवती डोंगर, डोंगरांवर जंगल, आणि त्या जंगलातून पाण्याच्या कडेकडेने किंवा वर माथ्याकडे जाणाऱ्या सात वाटा. सातही वाटा त्यांच्या. झाड पडलं की कापून बाजूला करायचं, पायरी ढासळली की दगड पुन्हा बसवायचा, पाणी वाटेवरून वाहायला लागलं की चर खणून ते वळवायचं. आणि चुकलेल्या माणसाला शोधून माझ्या दुकानासमोर आणून उभं करायचं, म्हणजे मी त्याला चहा पाजायचा. माझं चहाचं दुकान धरणाच्या भिंतीच्या तोंडाशी आहे, सगळ्या वाटा तिथूनच सुटतात. त्यामुळे मी सांगतेय ते ऐकीव नाही. बरंचसं डोळ्यांनी पाहिलंय, आणि थोडंफार माझ्या तोंडामुळे झालंय. माझं तोंड जरा जास्त चालतं. भाऊजी मला मिरची म्हणतात, ते काही उगाच नाही.

ते स्वतः मात्र शब्द मोजून वापरतात. साधं 'हो' म्हणायचं असलं तरी आधी आभाळाकडे बघतील. कुणी वाट विचारली तर तोंडाने सांगत नाहीत, उठून थोडं बरोबर चालत जातात, ते सोपं पडतं त्यांना. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा तासभर बसले आणि एकूण चार शब्द बोलले, त्यातले दोन 'पाणी' आणि 'पुरे'. मी आईला आत जाऊन म्हटलं, हा माणूस मुका आहे. आई म्हणाली, असू दे, घरात बोलणारी एक आहे तेवढी पुरे. ताईला मात्र ते आवडले. का, ते तिने तेव्हा सांगितलं नाही.

ताईचा डावा पाय लहानपणीच्या तापाने अधू झाला. उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड, आणि घोट्यात जोर नाही. चालते, पण हळू, आणि मधे बसावं लागतं. शाळेत जाताना मला तिच्याबरोबर राहावं लागायचं, आणि माझा रोज उशीर व्हायचा. मग ती म्हणायची, तू जा पुढे, मी येते. हे वाक्य तिने जन्मभर इतक्या जणांना म्हटलंय, की एखादीला त्याचा कडवटपणा आला असता. तिला नाही आला. मी तिला गोगलगाय म्हणायचे. आधी घरात, मग शाळेत, मग सगळी आळीच म्हणायला लागली. नाव मी ठेवलं, हे आज सांगताना जीभ जड होते, पण खरं ते खरं.

आता पाट्यांचं सांगते. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक लाकडी पाटी होती. वाट कुठे जाते आणि पोचायला किती वेळ लागतो, दोन्ही भाऊजींच्या अक्षरात, पांढऱ्या रंगाने. 'जुना पूल, सव्वा तास.' 'टेहळणी मनोरा, पावणेतीन तास.' सगळ्यात जास्त लोक जातात ती पाण्याच्या कडेची वाट, तिथे लिहिलेलं, 'पलीकडचा धक्का, पावणेदोन तास.' त्या धक्क्यावरून बोट परत आणते. शेवटची बोट पाचला, ती चुकली तर आला तेवढा रस्ता पायांनी मागे.

या वेळांवरून माझ्या दुकानात सव्वीस वर्षं थट्टा चालली होती. शहरातली तरणी मंडळी यायची, बुटांच्या नाड्या सोडायची आणि मला म्हणायची, मावशी, पाटीवर पावणेदोन तास लिहिलंय, आम्ही तर तासात पोचलो. एकाने तर विचारलं, पाटी लिहिणारा मधे झोपला होता का? मी भाऊजींकडे बोट दाखवायचे. ते आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "मग पाऊण तास उरला की. बसा जरा." मीही त्यांना पन्नासदा सांगितलं, अहो वेळ दुरुस्त करा, लोक हसतात. ते म्हणायचे, बघू. आपल्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला कळायला हवं होतं.

मंगळवारी वाटा लोकांसाठी बंद. तो भाऊजींच्या सुटीचा दिवस, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो ताईच्या फिरण्याचा दिवस. सकाळी दोघं निघायची, बहुतेक वेळा पाण्याच्या कडेने. ताईच्या हातात काठी, भाऊजींच्या पाठीवर पिशवी. धक्क्यावर पोचायची, डबा खायची आणि दुपारी गस्तीच्या बोटीतून परत यायची. ताई बोटीतून उतरली की आधी माझ्या खिडकीशी यायची आणि घड्याळ दाखवायची. "पावणेदोन. बरोबर पावणेदोन." कधी मिनिटभर कमी, कधी दोन मिनिटं जास्त. वय वाढलं तसा पाय जास्त दुखायला लागला. पूर्वी तीनदा बसायची ती मग एकदाच बसायला लागली, पण पाटीची वेळ चुकवली नाही. एकदा म्हणाली, बाकी कुठे असेन मी लंगडी, या वाटांवर मी चार लोकांसारखी चालते. मी चहा गाळत होते. मनात म्हटलं, बाई, चार लोक तासात जातात. पण तेवढ्यापुरती का होईना, जीभ आवरली.

गेल्या वर्षी कचेरीत नवीन मॅडम आल्या. तरुण, शिकलेल्या, आणि उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या नाहीत, पहिल्याच आठवड्यात साती वाटा स्वतः चालून आल्या. आल्या आणि माझ्याच बाकावर बसून म्हणाल्या, वाटा सुरेख ठेवल्यात, पण पाट्यांवरच्या वेळा कुठून आणल्या? आता पत्र्याच्या नवीन पाट्या होणार होत्या, आणि वेळा ठरलेल्या प्रमाण वेगाने यंत्रावर काढणार होत्या. धक्का एक तास पाच मिनिटं. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. भाऊजी बाजूलाच उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते दारात. म्हणाले, मिरची, एक काम होतं. सव्वीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे साखरसुद्धा मागितली नव्हती. मी स्टोव्ह बंद करून बाकावर बसले. मग म्हणाले, "त्या वेळा तिच्या आहेत."

मला आधी उमगेना. मग हळूहळू, एकेक शब्द ओढून काढावा तसं बाहेर आलं. लग्नाच्या वर्षीच तेव्हाच्या साहेबांनी हुकूम दिला होता, पाट्यांवर अंतर नको, वेळ लिही, चढावर किलोमीटरला कोण विचारतो. भाऊजी स्वतः चालतात ते वाऱ्यासारखे, त्यांची वेळ लिहिली असती तर निम्म्या लोकांची बोट चुकली असती. त्यांनी विचार केला, सगळ्यात हळू चालणाऱ्याला जमेल ती वेळ लिहावी, म्हणजे कुणी अडकणार नाही. आणि घरात ताई होती. एकेका मंगळवारी एकेक वाट, खिशात घड्याळ. तिला वाटलं, नवरा फिरायला नेतोय. फिरायला नेत होतेच ते, पण संध्याकाळी एकटे जाऊन पाटीही रंगवत होते. पुढच्या वेळी ती पाटी वाचून निघाली, बरोबर वेळेत पोचली आणि इतकी आनंदली, की मग सांगायचं राहून गेलं. राहिलं ते सव्वीस वर्षं.

मी म्हटलं, मग सांगून टाका की आता. आभाळ कोसळणार आहे का?

ते म्हणाले, "मंगळवारी ती कुणालाच 'तू पुढे जा' म्हणत नाही. आठवड्यातला तेवढा एक दिवस."

पाटीवर तासाची वेळ लागली की ताईला कळणार होतं की ती चार लोकांसारखी कधीच नव्हती. आणि हेही कळणार होतं की नवऱ्याने ते लपवलं. भाऊजींच्या जिवाला तो घोर लागला होता. मॅडमसमोर हे सगळं सांगणं त्यांना सात जन्मांत जमलं नसतं, म्हणून माझ्याकडे आले होते.

मी पदर खोचला आणि गेले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रडल्याबिडल्या नाहीत, त्या तशा नाहीत. त्यांनी एकच विचारलं, सव्वीस वर्षांत पाटीवर विसंबून कुणाची शेवटची बोट चुकलीय का? मी म्हटलं, एकाचीही नाही. मग म्हणाल्या, ठीक, जुन्या वेळा राहू देत, फक्त आकड्यांत लिहा, बाहेरून येणाऱ्यांना कळायला हवं. मी जिना उतरताना अक्षरशः गात होते.

करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, ते इथे झालं. पाट्या करणाऱ्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला, वेळा सांगा म्हणून. भाऊजींनी माझ्या दुकानातूनच सांगितल्या. पावणेदोन, सव्वा, पावणेतीन, अडीच, पावणेसहा. ती गोड आवाजात हो सर, हो सर म्हणत गेली. तिचं सगळं गणित इंग्रजीतून झालेलं. पाऊण म्हणजे पंचेचाळीस मिनिटं हे तिला ठाऊक होतं, बिचारीला. म्हणजे मग पावणेदोन म्हणजे दोन आणि वर पंचेचाळीस. तिच्या हिशेबाने काहीच चुकलं नव्हतं. सव्वा आणि अडीच ठीक उतरले, पण जिथे जिथे 'पावणे' तिथे तिथे ध चा मा. पाट्या ठोकल्या त्या दिवशी भाऊजी मनोऱ्याच्या वाटेवर पडलेलं झाड कापत होते. आणि दुसरा दिवस मंगळवार.

ताईनेच आधी वाचलं. पलीकडचा धक्का, २ तास ४५ मिनिटे. तिने भाऊजींना विचारलं, अहो, वेळ वाढवली का? भाऊजींची काय अवस्था झाली असेल ती मी कल्पना करू शकते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, नवीन मोजणी असेल. झालं. ताई निघाली, नेहमीच्या चालीने गेली, नेहमीच्या दगडावर बसली आणि एक तास पन्नास मिनिटांत धक्क्यावर उभी. पाटीच्या जवळजवळ तासभर आधी.

त्या दुपारी बोटीतून उतरली ती कुणी वेगळीच बाई होती. माझ्या खिडकीशी आली आणि घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. "पंचावन्न मिनिटं आधी. आणि यंत्राने मोजलंय बरं का, यंत्र काही खोटं बोलत नाही." बोटवाल्याला सांगितलं, पहारेकऱ्याला सांगितलं. लेकीला दूरगावी फोन लावला आणि तिला म्हणाली, तुझी आई लोकांपेक्षा तासभर लवकर पोचते. माझ्या तोंडामुळे कचेरीतल्या प्रत्येकाला खरं काय ते माहीत होतं, आणि प्रत्येक जण मूग गिळून हसला. मी तिला फुकट चहा दिला आणि मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसले. भाऊजी दुकानाबाहेर पाठ करून उभे होते.

मी त्यांना म्हटलं, आता ही पाटी उतरवायची नाही. कुणाचं काय बिघडतंय? लोक आणखी लवकर पोचल्याचा टेंभा मिरवतील, एवढंच ना. भाऊजी म्हणाले, "चुकीची पाटी आहे ती." पण उतरवली नाही त्यांनीही. चार दिवस त्या वाटेच्या तोंडाकडे गेलेच नाहीत, दुसरीकडून फिरून जायचे. जेवण कमी झालं. ताई मला म्हणाली, यांना काय होतंय गं?

शनिवारी दुपारी तीनला एक म्हातारं जोडपं आलं. दोघांच्या हातात काठ्या. त्यांची लेक आधीच बोटीने पलीकडच्या धक्क्याला जाऊन थांबली होती, तिथून पाचच्या बोटीने सगळे परत येणार. नवीन पाटी वाचली, वाट लांबवली असेल असं वाटून हिशेब केला, पावणेसहा वाजतील, पाचची बोट मिळायची नाही. मग दोघं तशीच माघारी फिरली आणि बसने गावात निघून गेली. पलीकडे मोबाइलला रेंज नाही. लेक आपली वाट बघतेय. पाच वाजले, बोट निघायची वेळ झाली, आईबाप नाहीत. पोरगी रडत, हाका मारत वाटेने अलीकडे आली, आणि भाऊजी तिच्याबरोबर प्रत्येक वळण, प्रत्येक उतार धुंडाळत फिरले, कुठे घसरून पाण्यात तर गेले नाहीत. सातच्या सुमाराला बसच्या नाक्यावरून म्हाताऱ्यांचा दुकानात फोन आला तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण भाऊजी माझ्या बाकावर बसले ते चहाला हातसुद्धा न लावता. एवढा डोंगरातला माणूस, मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

तिथून ते सरळ घरी गेले. मीही मागोमाग गेले, मला राहवलं नाही. ताई खिडकीशी शिलाईयंत्रावर बसली होती, पहारेकऱ्यांचे गणवेश तीच शिवते. भाऊजी बूट न काढता दारातच उभे राहिले.

"पाटी चुकली आहे," ते म्हणाले. "दोन पंचेचाळीस नाही, पावणेदोनच. आणि ती पावणेदोनसुद्धा लोकांची नाही. तुझी आहे. मी तुझीच वेळ लिहिली होती, सगळ्या वाटांवर."

यंत्र थांबलं. ताईने विचारलं, "लोकांना किती लागतो?"

"तास."

"आणि तुम्हाला?"

या वेळी ते आभाळाकडे बघू शकले नाहीत, वर छप्पर होतं. म्हणाले, "पस्तीस मिनिटं."

ताईने हातातली शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि जेवायला वाढते म्हणाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या मंगळवारी दोघं फिरायला गेली नाहीत. भाऊजी सकाळी पिशवी भरून पायरीवर बसले होते, दुपारी ती त्यांनी परत रिकामी केली.

मी बुधवारी तिच्याकडे गेले. मला वाटलं होतं तिला हळू असण्याचं दुःख झालंय, म्हणून म्हटलं, अगं, तुला गोगलगाय मी केलं, माझं थोबाड फोड हवं तर. ती हसली. म्हणाली, हळू आहे ते मला ठाऊक आहे, मला काय डोळे नाहीत? मग कापडाची घडी सारखी करत राहिली.

"मला वाटायचं, निदान मंगळवारी माझ्यासाठी कुणाला थांबावं लागत नाही," ती म्हणाली.

मी चहा करून दिला आणि आले.

तिकडे कचेरीत प्रकरण वर गेलं होतं. त्या लेकीने रीतसर तक्रार केली, करणारच. वरून विचारणा आली, या वेळा कुणी ठरवल्या, मोजणीचा आधार काय? मॅडमनी भाऊजींना बोलावून सांगितलं, आता माझा नाइलाज आहे, आधार दाखवता येत नसेल तर यंत्राच्या वेळा लावाव्या लागतील. भाऊजी बरं म्हणाले. त्यांना आता कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

आणि पुढच्या शनिवारी तेच म्हातारं जोडपं पुन्हा आलं. तोवर भाऊजींनी चुकलेल्या पाट्यांवर कागद चिकटवून हाताने 'पावणेदोन' वगैरे लिहिलं होतं. म्हातारी तो कागद वाचून माझ्याकडे आली आणि म्हणाली, हे बरं केलंत. आम्ही दर वर्षी येतो. कुठेही गेलो तरी पाटीवर तास लिहिलेला असतो आणि आम्हाला दोन लागतात, मग आमचे हे म्हणतात आपण आता घरीच बसावं. ही एक पाटी आम्हाला बरोबर लागते. सव्वीस वर्षं मी थट्टा करणाऱ्यांचंच ऐकत आले होते. पट्टा बांधलेल्या गुडघ्यांचे, पोटुश्या बाया, धाप लागणारे, हे सगळे चहा पिऊन गप्प निघून जायचे, कारण त्यांची पाटीबद्दल तक्रारच नव्हती. माझ्या ते कधी लक्षातच आलं नाही.

दुकान तसंच उघडं टाकून मी ताईकडे गेले आणि म्हातारीचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मॅडमना आधार सापडत नाहीये, तेही सांगितलं. ताईने यंत्रावर झाकण घातलं. साडी बदलली, काठी घेतली आणि कचेरीकडे निघाली. मी गाडीवाल्याला हाक मारते म्हटलं तर नको म्हणाली.

कचेरीत भाऊजी फायली उचलायला मदत करत होते. तिला बघून तिथेच थांबले. ताईने मॅडमना नमस्कार केला, खुर्चीत बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, "तुम्ही आधार विचारत होतात ना? आधार मी आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"पायात बळ असलेल्याला पाटी लागतच नाही, तो पोचतोच," ताई म्हणाली. "पाटी लागते ती मागे राहणाऱ्याला. त्याला आधी कळलं पाहिजे, जमेल की नाही. माझी वेळ लिहा, आणि ती कुणाची आहे तेही लिहा."

मॅडमनी कागद ओढला. बराच विचार करून म्हणाल्या, 'सावकाश चालणाऱ्यांसाठी' असं लिहू का? ताई म्हणाली, सावकाश म्हणजे मनात आलं म्हणून. तसं नाही. हळू लिहा. हळू चालणाऱ्यांना लागणारा वेळ, मधे एकदा बसून. मॅडमनी तसंच्या तसं लिहिलं आणि खाली तिची सही घेतली. आज पाट्यांवर तेच आहे, आकड्यांत नाही, अक्षरांत. ते वाचून आता कुणी हसत नाही. परवा एक धिप्पाड तरुण पाटीसमोर थांबला आणि मागून येणाऱ्या बापाला म्हणाला, चला बाबा, आपल्याला पुरेल.

पण मला सांगायचं होतं ते त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडल्यावरचं. आम्ही तिघं धरणाच्या भिंतीवर आलो. भिंत सरळ, लांबलचक, एका बाजूला पाणी, एका बाजूला जंगल. ताई कठड्यावर बसली. आठवडाभर नवऱ्याशी कामापुरतं बोलत होती. आता म्हणाली, "चालून दाखवा."

भाऊजींना कळलं नाही. ती म्हणाली, "मी नसताना चालता तसे. मी कधी बघितलंच नाही. त्या टोकापर्यंत जाऊन या."

ते घुटमळले. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जा की, बायको सांगतेय. मग त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि निघाले. मी त्यांना कामावर रोज बघते, मला ते काही नवीन नव्हतं. ताईला होतं. पाऊल टाकलंय म्हणेपर्यंत ते विसाव्या खांबापाशी, आणि श्वास घेईपर्यंत अर्ध्या भिंतीवर. साठीला आलेला माणूस, पण पाय जमिनीला टेकतायत की नाही कळू नये. बघता बघता टोकाला बारीक झाले.

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. म्हणाली, "बघ गं, केवढं चालता येतं या माणसाला. आणि जन्मभर माझ्याबरोबर राहिला."

मग काठी टेकून उठली आणि त्यांच्या दिशेने निघाली. टोकाला भाऊजी वळले होते, ती येतेय हे त्यांनी बघितलं असणार. परत येताना ते पळाले नाहीत, हळूहळू मध्यावर आले. तिथेच तिची वाट बघत उभे राहिले. तिला मध्यावर पोचायला बराच वेळ लागला. या वेळी तिने तो मोजला नाही.